पलटणीच्या पगारापायी वऱ्हाड

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नव्या 'विक्रांत'वर नौदलाचा नवा ध्वज चढला आणि त्यात शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. पुढच्या वर्षीचा नौदल दिन, ४ डिसेंबर २०२३ चा, मालवणात सिंधुदुर्गाजवळ साजरा झाला. अकोला-अमरावतीकरांनी हे सगळे टीव्हीवर पाहिले आणि मनाशी धरून चालले की हा मामला कोकणचा. आपण कपाशीवाले. समुद्र पाहायचा तर विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी लागते, आपला आरमाराशी नि लष्कराशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो थोडाथोडका नाही. फक्त तो तोफांच्या धुरात शोधला तर सापडत नाही. पलटणीचा पगार कोणी दिला आणि कुठल्या मुलुखातून दिला, हे विचारले की वऱ्हाडचा दीडशे वर्षांचा इतिहास उलगडू लागतो. त्या इतिहासाभोवती काही समजुती घट्ट बसल्या आहेत. शाळेच्या पुस्तकांनी त्यांतल्या काही पोसल्या, काही गावोगावच्या पारावर वाढल्या.

'आरमार म्हणजे गलबते आणि शूर सरखेल'

गलबते लागतात, सरखेलही लागतो. कान्होजी आंग्रे नसते तर पश्चिम किनाऱ्याचा इतिहास वेगळा झाला असता, यात वाद नाही. पण आरमार ज्यांनी प्रत्यक्ष चालवले, त्यांना पहिली चिंता असे ती खर्चाची. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात, जे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला कारभाराचा उपदेश आजच्या वित्तखात्यालाही पटावा. आरमाराचा तनखा मुलुखाच्या वसुलातून बांधून द्यावा, बंदराच्या येणाऱ्या-जाणाऱ्या उत्पन्नावर त्याची नेमणूक करू नये, असे ते सांगते. कारण उघड आहे. खलाशांचा पगार बंदराच्या मिळकतीवर टाकला की आरमारवाले सावकारांना छळणार, सावकार दुसरे बंदर धरणार आणि बंदर ओस पडणार.

म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी मुत्सद्द्यांना हे पक्के ठाऊक होते की सैन्य ज्या मुलुखावर पोसले जाते, त्याचे भवितव्य त्या सैन्याच्या हिशेबाशी बांधले जाते. हाच नियम पुढे परक्यांनी आमच्यावर चालवला. वऱ्हाड त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरले.

'वऱ्हाडचा समुद्राशी काय संबंध?'

नोव्हेंबर-डिसेंबर १८०३ मध्ये या प्रांताच्या मातीवर दोन किनारे हातचे गेले. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा.

नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ पासून ओडिशा होता आणि त्याबरोबर बालेश्वरचे बंदर. पन्नास वर्षे बंगालच्या उपसागराचा एक लांबलचक पट्टा मराठ्यांच्या ताब्यात होता, ही गोष्ट आपण किती वेळा आठवतो? आंग्र्यांसारखे आरमार नागपूरकरांनी तिथे उभे केले नाही. घोडदळावर विसंबणाऱ्या दरबाराला त्याची गरज भासली नसावी. पण इंग्रजांच्या नकाशावर तो पट्टा फार खुपत होता. खाली गंजामपर्यंत मद्रास इलाखा, वर मेदिनीपूरपासून बंगाल, आणि मधोमध भोसले. मद्रास ते कलकत्ता किनाऱ्याने सलग मार्ग नव्हता.

२३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. तिचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या माळावर जी झाली, तिचे नाव इंग्रजी पुस्तकांत 'अरगाव' असे भलतेच छापलेले असते, आणि तेल्हाऱ्याच्या पोरांनाही ती आपल्या तालुक्यातली, याचा पत्ता लागत नाही. दिवस मावळतीला आला असताना लढाई सुरू झाली. भोसल्यांच्या तोफांच्या पहिल्या सरबत्तीत इंग्रजांच्या काही पलटणी मोडल्या आणि आर्थर वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्या सावराव्या लागल्या. नंतर मात्र पारडे फिरले, चांदण्यात पाठलाग झाला आणि भोसल्यांच्या ३८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांत, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि त्यात दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी कटक प्रांत बालेश्वरसह सोडला. कंपनीने तो मुलूख आधीच शस्त्राने घेतला होता, देवगावात त्यावर मोहोर उठली. आज त्याच बालेश्वरजवळच्या चांदीपुरातून आपली क्षेपणास्त्रे चाचणीला उडतात. किनारा मोक्याचा होता हे त्यावरून कळावे.

३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा तह झाला तो सुर्जी अंजनगावला. पानवेलीच्या बागांसाठी ओळखले जाणारे अंजनगाव इतिहासात या तहासाठी आहे. शिंद्यांनी भडोच दिले, म्हणजे नर्मदेच्या मुखाचे बंदर. अहमदनगरचा किल्ला दिला. आणि गंगा-यमुनेचा दुआब दिला. हा दुआब महत्त्वाचा, कारण युरोपीय सेनानी द बॉयनने उभारलेल्या शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पगार तिथल्या जहागिरीच्या वसुलातून निघत असे. मुलूख गेला की पलटणी आपोआप गेल्या. हरलेल्या फौजा पुन्हा उभ्या राहतात. पगाराची जमीन गेलेली फौज पुन्हा उभी राहत नाही, हे आर्थर वेलस्ली आणि त्याचा गव्हर्नर जनरल भाऊ यांना चांगले ठाऊक होते.

जाता जाता एक गोष्ट. आर्थर वेलस्लीचा त्या मोहिमेतला पत्रव्यवहार वाचला तर त्यात तलवारींपेक्षा बैल जास्त भेटतात. तांदूळ किती, ओझ्याचे बैल किती, लमाणांचे तांडे धान्य घेऊन वेळेवर येतात की नाही. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून गाजलेल्या या माणसाने पुरवठ्याचे धडे दख्खनच्या आणि वऱ्हाडच्या वाटांवर गिरवले. गाविलगडाच्या उत्तर बाजूला, मेळघाटाच्या डोंगरातून, वेलस्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याच्या माणसांनी अवजड तोफा ओढून नेल्या नसत्या तर तो गड इतक्या लवकर पडला नसता.

'गाविलगड पडला आणि वऱ्हाड इंग्रजांचे झाले'

नाही झाले. चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक हेच ऐकून येतात, पण घडले उलटेच. इंग्रजांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांकडून काढून आपल्या दोस्ताला, म्हणजे निजामाला, दिले. गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांकडे राहिले, ते पुढे १८२२ च्या तहाने निजामाकडे गेले. १८०३ पूर्वीची स्थितीही 'मराठ्यांचे राज्य' एवढ्या दोन शब्दांत बसणारी नव्हती. वऱ्हाडात दोअमली होती. निजामाचा अंमलदार एकीकडे वसूल घेई, भोसल्यांचा कमाविसदार दुसरीकडे. भोसल्यांच्या हक्कांत चौथाई-सरदेशमुखीबरोबर घासदाणाही होता, म्हणजे स्वारीच्या घोड्यांच्या चाऱ्याचा कर. रयतेला दोन धनी होते आणि दोघांच्याही घोड्यांचे पोट तिने भरायचे होते.

इंग्रजी अंमल वऱ्हाडात आला तो गाविलगडानंतर पन्नास वर्षांनी, आणि एकही गोळी न झाडता.

'तैनाती फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड गेले'

हा गैरसमज सर्वांत पसरलेला आहे आणि अर्धा खरा असल्यामुळे सर्वांत चिवटही. फौजेपायीच गेले. पण तैनाती फौजेपायी नाही.

तैनाती फौजेचा, म्हणजे निजामाच्या खर्चाने कंपनीने ठेवलेल्या फौजेचा, हिशेब निजामाने १८०० च्या तहात कायमचा चुकता केला होता. टिपूच्या युद्धांतून त्याच्या वाट्याला आलेले बल्लारी, कडप्पा, अनंतपूरकडचे जिल्हे त्याने कंपनीला देऊन टाकले होते. त्या तहाने निजामावर आणखी एक जबाबदारी होती: युद्ध झाले तर ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडदळ मदतीला द्यायचे. युद्ध झाले तर. शांततेच्या काळात कायमची फौज पोसायचे बंधन त्यात कुठे नव्हते.

ते बंधन हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास व्यवहारात आणले. निजामाच्या पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या राहिल्या, 'रसेल ब्रिगेड' म्हणून. दरबारात तेव्हा खरी सत्ता पेशकार चंदूलालच्या हाती होती आणि रेसिडेंटला नाही म्हणणे त्याला परवडणारे नव्हते. पुढे हीच फौज हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि आपल्याकडे एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, अशा तिच्या छावण्या पडल्या. परतवाडा त्या छावणीभोवती वाढला.

कंटिंजंटला कागदावर 'निजामाची फौज' म्हणत. हुकूम रेसिडेंटचा, अधिकारी इंग्रज, बढत्या आणि भत्ते त्यांच्या मर्जीचे, बिल मात्र निजामाचे. खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात जाई. गोऱ्या अधिकाऱ्यांत एक थट्टा रूढ होती की बिचारा 'निझी' सगळ्याचे पैसे भरतो. आणि वसूल तर असा की महिनोन् महिने पगार थकत. मग सावकार आले.

त्यातली विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी सर्वांत बदनाम. तिने शेकडा २४-२५ दराने निजाम सरकारला कर्ज दिले. त्यातला एक भागीदार गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरच्या माणसांत मोडणारा. १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हे प्रकरण उघडे पाडले, त्यावर लंडनपर्यंत गदारोळ झाला आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. पण कर्जाची सवय बुडाली नाही. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेणारी पेस्तनजी आणि कंपनी ही पारशी पेढी पुढे निजामाची सावकार झाली. १८४१ मध्ये तिला कर्जापोटी वऱ्हाडचा वसूल लावून दिला गेला आणि १८४५ मध्ये तो हिसकावूनही घेतला. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात. ती कुऱ्हाड तेव्हा गहाण पडली होती. आज एका सावकाराकडे, उद्या दुसऱ्याकडे, आणि शेवटी सर्वांत मोठ्या सावकाराकडे.

कंटिंजंटचा पगार भागवण्यासाठी कंपनी आपल्या खजिन्यातून पैसे देऊ लागली आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडू लागली. व्याज चढत गेले. १८५३ मध्ये थकबाकी ४५ ते ५० लाखांच्या घरात गेली. खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने लिहून ठेवले आहे की निजामाने या स्वरूपातली फौज शांततेच्या काळात पोसावी असे तहात काही नाही. तरी वसुली झालीच. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत बोचते. बेकायदा म्हणून माहीत असलेल्या बिलाची वसुली, आणि ती जमीन घेऊन.

२१ मे १८५३ ला निजाम नासिरुद्दौलाने रेसिडेंट कर्नल लो याच्यासमोर तहावर सही केली. वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेले. बदल्यात कंपनीने किमान ५ हजार पायदळ, २ हजार घोडदळ आणि ४ तोफखाने निजामासाठी ठेवायचे. तह करणारा दिवाण सिराजुल्मुल्क काही दिवसांत वारला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाण झाला. वऱ्हाड परत मिळवण्यासाठी त्याने पुढे जन्मभर खटपट केली, इंग्लंडपर्यंत जाऊन आला. उपयोग झाला नाही.

शंभर वर्षे मागे जाऊन पाहा. १७५३ मध्ये हैदराबादच्याच सलाबतजंगाने फ्रेंच सेनापती बुसीच्या पलटणींच्या पगारासाठी उत्तर सरकार, म्हणजे आंध्रचा किनारा, फ्रेंचांना लावून दिला होता. मछलीपट्टणचे बंदर फ्रेंचांनी आधीच घेतले होते. पुढे इंग्रजांनी तो किनारा फ्रेंचांकडून आणि निजामाकडून काढून घेतला आणि हैदराबादचे राज्य समुद्राला पारखे झाले. १७५३ ला पगारापायी किनारा गेला, १८०० ला पगारापायी दक्षिणेचे जिल्हे गेले, १८५३ ला पगारापायी वऱ्हाड. दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या संस्थानाचा नकाशा रणांगणापेक्षा कचेरीतल्या बाकीच्या वहीत जास्त आकसला.

'निजामाने वऱ्हाड विकले' किंवा 'भेट दिले'

दोन्ही खोटे. १८५३ च्या तहात वऱ्हाड कारभारासाठी सोपवले होते. मालकी निजामाची, खर्च वजा जाता शिल्लक निजामाला. शिल्लक उरू द्यायची कशी नाही, हे सरकारी कारभाराला शिकवावे लागत नाही. २६ डिसेंबर १८६० च्या तहात धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले, पण वऱ्हाड राहिले आणि हिशेब मागायचा हक्क निजामाने सोडला. कर्ज फिटले, तरी गहाण काही सुटले नाही. १८५७ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या बाजूने राहिली होती, इंग्रज सेनापती ह्यू रोझबरोबर झाशी आणि काल्पीपर्यंत लढली होती. त्या माफीत हेही होते. म्हणजे राणी लक्ष्मीबाईंवर चालून गेलेल्या काही पलटणींच्या पगारात आपल्या पूर्वजांच्या सारा-पट्टीचा वाटा होता. अवघड वाटते, पण असे आहे.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम मीर महबूब अलींना गाठले आणि ५ नोव्हेंबरला करार झाला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने, वर्षाला २५ लाख रुपयांना. पाठोपाठ निजामाला जीसीबी हा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्या अक्षरांचा विस्तार 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे 'कर्झनला वऱ्हाड दिले', असा करून टाकला. ज्या फौजेसाठी वऱ्हाड घेतले, ती कंटिंजंट लगेचच हिंदी लष्करात विलीन करून टाकली. कारण संपले, जमीन राहिली. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून नागपूरच्या चीफ कमिशनरकडे गेला. अकोला-अमरावतीची आणि नागपूरची प्रशासकीय सोयरीक इथपासूनची.

पण कागदोपत्री वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात कधीच नव्हते. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला भरले, ते कायद्याच्या भाषेत निजामाच्या मुलुखात भरले. १९१९ च्या सुधारणांनंतरही वऱ्हाडचे प्रतिनिधी मतदानाने निवडून यायचे आणि मग सरकारने त्यांना 'नेमले' असे दाखवायचे, कारण परक्या मुलुखातून निवडणूक कशी घेणार? निजाम उस्मान अलीने वऱ्हाड परत मागितले, त्याला व्हाइसरॉय रीडिंगने २७ मार्च १९२६ ला जे उत्तर दिले, ते ब्रिटिश सार्वभौमत्वाचा सिद्धान्त म्हणून सगळ्या संस्थानिकांना ऐकवले गेले. १९३६ च्या करारात निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाड'चा निजाम हा किताब मिळाला आणि त्याच्या वारसाला, आझमजाहला, 'प्रिन्स ऑफ बेरार'. या प्रिन्सने वऱ्हाडवर एक दिवसही राज्य केले नाही.

'वऱ्हाडची पलटण म्हणजे वऱ्हाडी शिपाई'

१९०३ मध्ये कंटिंजंटच्या पायदळाला नवे आकडे मिळाले, ९४ ते ९९. त्यांतली एक ९६ वी बेरार इन्फंट्री. नावावरून वाटेल की आकोट-दर्यापूरची पोरे त्यात भरती होती. तसे नव्हते. कंटिंजंटचे बहुतेक शिपाई अवध आणि हिंदुस्थानकडचे, काही दख्खनी मुसलमान, पुढे जाट, अहीर, राजपूत आणि कुमाऊंचे. वऱ्हाडने पैसा पुरवला, नाव पुरवले. शिपाई बाहेरचे.

१९२२ मध्ये या पलटणी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आल्या आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. तिची दुसरी पलटण अजून 'बेरार' हे नाव लावते. चौथ्या पलटणीची परंपरा १७८८ पर्यंत मागे जाते, एलिचपूरच्या नवाब सलाबतखानाच्या पलटणीपर्यंत. ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगर विमानतळ वाचवताना बडगामला पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर, याच चौथ्या कुमाऊंचे. त्यांच्याकडे 'काश्मीरचा वीर' म्हणून पाहिले जाते. त्यांच्या पलटणीचे मूळ आपल्या अचलपुरात आहे, हे एका ओळीत सांगता येईल.